मार खाणारा नायक

मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मोठा काटा, आणि त्या काट्याला धरून लोंबकळणारा एक तरुण. खाली जमीन. मध्ये दुकानांवर ताणतात तशी दोन कापडी छपरे. तरुणाचे हात सुटतात. पहिले छप्पर फाटते, मग दुसरे, आणि तो थेट जमिनीवर, जवळजवळ डोक्यावरच आदळतो. कॅमेऱ्याने मध्येच कुठे डोळे मिटलेले नसतात. पडायला लागलेला माणूस आणि जमिनीवर आपटलेला माणूस एकच आहे, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळते. अंगावर शहारा येतो, आणि पाठोपाठ हसू येते. ते का येते, हे मात्र सांगता येत नाही.

हे दृश्य 'प्रोजेक्ट ए' या १९८३ च्या हाँगकाँगच्या चित्रपटातले. दिग्दर्शक आणि पडणारा नट एकच, जॅकी चॅन. दिग्दर्शक या नात्याने त्याने हे पडणे एकदा दाखवून सोडले नाही. दुसऱ्यांदा घेतलेले चित्रणही लगोलग जोडून टाकले. कथेच्या दृष्टीने हा निव्वळ वेडेपणा आहे. एक माणूस एकाच प्रसंगात दोनदा कसा पडेल? पण एकाही प्रेक्षकाने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कारण त्या क्षणी आपण कथा पाहत नसतो. एका माणसाने आपल्यासाठी खरोखर काय केले, ते पाहत असतो.

कुंगफूचे चित्रपट म्हणजे हाणामारी, हाणामारी म्हणजे पोरे बिघडणार, हे समीकरण आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार जुने आहे. १९७३ मध्ये ब्रूस लीचा 'एन्टर द ड्रॅगन' आला आणि त्यानंतर आपल्याकडे गल्लोगल्ली कराटेचे वर्ग निघाले, केशकर्तनालयांच्या भिंतींवर उघड्या अंगाचा ब्रूस ली चिकटला, दोन लाकडी दांडक्यांना साखळी जोडून पोरांनी आपापली टाळकी सडकून घेतली. वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला तर त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण पुढे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळू लागल्या, नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या घरात शिरल्या, (त्यांतली 'स्टार' तर १९९१ मध्ये हाँगकाँगहूनच सुरू झाली) आणि त्याच हाँगकाँगचे दुसऱ्या जातीचे चित्रपट दिवाणखान्यात दिसू लागले. हाणामारी यातही होतीच. पण नायक मार देण्यापेक्षा खात जास्त होता, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घर एकाच वेळी हसत होते. संवाद कळण्याची गरजच नव्हती. बाक कुणाच्या पायावर पडला हे कळायला भाषा कशाला लागते?

तरीही या चित्रपटांना आपण कधी प्रतिष्ठा दिली नाही. आपला विनोद मुळात जिभेवरचा. शाब्दिक कोट्या, तिरकस बोलणे, उच्चारांच्या गमती यांवर पोसलेला. शरीराने केलेल्या विनोदाला आपण 'अंगविक्षेप' म्हणतो, आणि तो शब्द नाट्यपरीक्षणात शिवीसारखा वापरतो. अपवाद फक्त चॅप्लिनचा. तिथे आपण आदराने हसतो, कारण तो थोर असल्याचे आपल्याला आधीच सांगितलेले असते. आता गंमत पाहा. 'प्रोजेक्ट ए'मधला तो घड्याळाचा काटा आला कुठून? हॅरॉल्ड लॉइडच्या १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट' या मूकपटातून. बस्टर कीटनच्या अंगावर १९२८ च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'मध्ये घराची अख्खी भिंत कोसळते आणि नेमक्या खिडकीच्या जागी उभा असल्याने तो बचावतो. जॅकी चॅनने १९८७ मध्ये 'प्रोजेक्ट ए'च्या दुसऱ्या भागात तेच करून दाखवले. या मंडळींचे ऋण त्याने कधी लपवले नाही. बोलपट आल्यावर हॉलिवूडने जी विद्या जवळपास मोडीत काढली, ती पन्नास वर्षांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या एका गजबजलेल्या शहरात पुन्हा उगवली. चॅप्लिनला नमस्कार करणाऱ्याने जॅकी चॅनला नाक मुरडणे म्हणजे घराण्याच्या गायकाला दाद द्यायची आणि त्याच्याच शिष्याला उठून जा म्हणायचे, असे झाले.

ही विद्या तिथे उगवली कशी, ही कहाणी मोठी रंजक आहे.

२० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. हाँगकाँगच्या निर्मात्यांपुढे प्रश्न पडला, आता काय विकायचे? त्यांनी सरळ नकला विकायला काढल्या. ब्रूस ली या नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे करून नवे 'ब्रूस' बाजारात आले. तोच चष्मा, तोच हुंकार, तोच अंगठ्याने नाक पुसण्याचा आव. ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' दिग्दर्शित करणाऱ्या लो वेई यांनीही एक पोरगा निवडला आणि १९७६ मध्ये त्याला 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी'त उभा केला. डोळ्यांत अंगार, ओठ आवळलेले, सूडाची भाषा. तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. चित्रपट पडला. त्यानंतरचेही पडत गेले. गोल चेहरा, मोठे नाक, मिश्कील डोळे, या माणसाला सूड शोभणार कसा?

दरम्यान हाँगकाँगचा प्रेक्षक बदलत होता. मोठ्या चित्रसंस्था मँडारिन भाषेत चित्रपट काढत, पण रस्त्यावरचा माणूस बोलत होता कॅन्टनीज. मायकेल हुई या विनोदवीराने त्या बोलीतून चाकरमान्यांची, चिंगूस मालकांची, लहानसहान लबाडांची दुनिया पडद्यावर आणली. त्याच्या १९७६ च्या 'द प्रायव्हेट आईज'मध्ये स्वयंपाकघरात एक मारामारी आहे. एकाच्या हातात शार्क माशाचा जबडा, दुसऱ्याच्या हातात सॉसेजची माळ, आणि ती माळ ब्रूस लीच्या दांडक्यांसारखी गरगरा फिरते! ही मारामारी बसवली होती सॅमो हंग या लठ्ठ, चपळ तरुणाने. हे नाव पुढे पुन्हा येईल. त्याआधी, १९७५ मध्ये, लाउ कार-ल्युंग या मारामारी-दिग्दर्शकाने 'द स्पिरिच्युअल बॉक्सर' काढला होता. अंगात दैवत येते, मग तलवारही लागत नाही, असे सांगून गावोगाव पैसे उकळणाऱ्या एका भोंदूची ती गोष्ट. कुंगफू आणि विनोद यांची गाठ बहुधा तिथेच पक्की बसली. म्हणजे पहिला विनोदी कुंगफू-नायक हा 'मला काही लागत नाही' असे खोटे सांगणारा माणूस होता. पुढचा सगळा प्रकार याच्या बरोबर उलट दिशेने गेला. लागते, आणि चांगलेच लागते!

१९७८ मध्ये 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' हे दोन चित्रपट पाठोपाठ आले. दिग्दर्शक युएन वू-पिंग. पहिल्यात जॅकी चॅन हा तालमीतला झाडूपोछा करणारा, ज्याने त्याने येता-जाता बुकलून काढावे असा पोरका नोकर. दुसऱ्यात मात्र धाडस अधिक होते. तिथे तो साक्षात वाँग फे-हंग होता. वाँग फे-हंग हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि मल्ल. क्वान ताक-हिंग या नटाने १९४९ पासून कित्येक डझन चित्रपटांत त्याची भूमिका करून त्याला संतपदाला पोचवले होते. गंभीर, संयमी, नीतिमान. अशा पुण्यपुरुषाला 'ड्रंकन मास्टर'ने टवाळ, उनाड, बापाच्या जिवाला घोर लावणारे कार्टे करून दाखवले. आपल्याकडे असे काही करायचे म्हटले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या कार्ट्याला वठणीवर आणण्यासाठी बाप एका दारुड्या वस्तादाला बोलावतो. ही भूमिका केली दिग्दर्शकाच्या वडिलांनी, युएन सिउ-तिएन यांनी. विस्कटलेले पांढरे केस, लालभडक नाक, हातात दारूचा भोपळा. वय साठीच्या पुढचे. नाटकातल्या हाणामारीत उभे आयुष्य काढलेला हा म्हातारा एका वर्षात तारा झाला, आणि १९७९ च्या सुरुवातीलाच वारला. चित्रपटातला त्याचा शिष्य उलटा टांगलेला आहे. खालच्या बादलीतले पाणी इवल्याशा पेल्यांनी भरून, पोटाच्या बळावर वर उठून, वरच्या बादलीत ओतायचे आहे. बोटांनी अक्रोड फोडायचे आहेत. शिष्य लबाडी करतो, पकडला जातो, पळून जातो. बाहेर एका भाडोत्री मारेकऱ्याकडून असा काही अपमान करून घेतो की मुकाट परत येतो आणि म्हाताऱ्यापुढे उभा राहतो. कुस्तीचा आखाडा ज्याने पाहिला आहे त्याला यात काही परके वाटू नये. वस्ताद शिव्या घालतो, पोरे पळतात, आणि त्यातले एखादे परत येते.

इथे पालकांचा एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मुलांच्या चित्रपटात दारू? आणि दारू प्यायल्यावर बळ येते, हे शिकवायचे? खरे म्हणजे 'मद्यपी मुष्टी' हा प्रकार झिंगल्याच्या सोंगाचा आहे. तोल गेल्यासारखे दाखवायचे, तोल मात्र जाऊ द्यायचा नाही; प्रतिस्पर्ध्याला वाटावे की पडला, आणि पडतापडताच कोपर त्याच्या बरगडीत बसावे. चित्रपट मात्र सोंगावर थांबत नाही, नायक खरेच पितो. जॅकी चॅनला पुढे हे बोचले असावे, असे १९९४ च्या 'ड्रंकन मास्टर २'वरून वाटते. त्यात बाप दारूसाठी मुलाला बदडतो, आणि अखेरच्या लढाईत नायकाला कारखान्यातले औद्योगिक अल्कोहोल प्यावे लागते. मूळ आवृत्तीच्या शेवटी त्यामुळे त्याचे डोळे आणि अक्कल दोन्ही गेलेली दाखवली होती. परदेशी आवृत्त्यांतून तो शेवट कापला गेला. तो इतक्या बेंगरूळ थट्टेने दाखवला होता की कापला हे बरेच झाले, असे माझे मत. तर मुलांना 'ड्रंकन मास्टर' दाखवायचा असेल तर शेजारी बसून दाखवावा. पण दाखवावा.

कारण त्यातली खरी मेख दारूत नाहीच. वस्ताद चेल्याला आठ अमर देवांच्या आठ चाली शिकवतो. त्यांतली आठवी एका देवीची आहे. लचकणारी, मुरडणारी, आरशात पाहून नटणारी. आपल्या मर्दाला ती शिकण्याची लाज वाटते. तो ती टाळतो. आणि शेवटी, मारेकऱ्यापुढे सातही चाली संपल्यावर, नेमकी तीच आठवी लागते! आता काय? मग तो जागच्या जागी स्वतःची 'देवी' रचतो. पदर सावरल्यासारखा हात, कमरेचा झोका, लाडिक पाऊल, आणि त्यातूनच मारेकऱ्याचा निकाल. ब्रूस लीच्या चित्रपटात हे घडणे शक्य नव्हते. ज्या नायकाला हसू होण्याची भीती असते त्याला ही चाल येतच नाही.

या चित्रपटांच्या ओढीचे मर्म मला इथे दिसते. ब्रूस लीच्या मुठीत वेदना नाही. ती दुसऱ्याला होते. जॅकी चॅन कुणाच्या टणक डोक्यावर ठोसा हाणतो आणि दुसऱ्याच क्षणी तोंड वाकडे करून स्वतःचाच हात झटकतो. आपण दाराला चिमटलेले बोट झटकतो, अगदी तसाच. मोठ्या गुंडापुढे तो आधी पळतो. टेबलाखाली लपतो. सापडतो. मार खातो. मग हाताला जे लागेल ते घेऊन लढतो. शूर माणूस आपल्याला आवडतो, पण तो आपण नसतो. दुखते म्हणून ओरडणारा, तरी उठणारा, हा माणूस आपल्या ओळखीचा असतो.

हाताला लागेल ते, यावरून आठवले. बाक, शिडी, पंखा, छत्री, झाडू, चॉपस्टिक; या चित्रपटांत कुठलीच वस्तू निर्जीव राहत नाही. 'द यंग मास्टर'मध्ये (१९८०) तो लाकडी बाकाने लढतो, बाईचा घागरा नेसून लढतो. १९९६ च्या 'फर्स्ट स्ट्राइक'मध्ये एक साधी घडीची शिडी ढाल होते, भाला होते, पिंजरा होते. याला लोक कल्पकता म्हणतात. ती आहेच, पण तिला मागे परंपराही आहे. चिनी संगीत नाटकाच्या रंगमंचावर नेपथ्य म्हणून बहुतेक वेळा एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढेच असते. तेच टेबल डोंगर होते, तीच खुर्ची तुरुंगाचे दार होते. लहानपणापासून त्या रंगमंचावर वाढलेल्या पोराला बाक नुसता बाक दिसणार कसा?

या नाटकांत 'तिठ्यावरची सराई' म्हणावी अशी एक अतिशय प्रसिद्ध नाटिका आहे. मिट्ट काळोखात दोन माणसे एकमेकांना शोधत लढतात. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो! काळोख फक्त नटांच्या अंगात. तलवारीचे पाते नाकासमोरून जाते आणि नाकाच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. श्वास रोखायचा की हसायचा, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. कुंगफू विनोदपटाचे सगळे व्याकरण या एका खेळात आहे. लाउ कार-ल्युंगच्या 'डर्टी हो'मध्ये (१९७९) वेषांतर केलेला राजपुत्र आणि त्याला मारायला आलेले लोक समोरासमोर बसून मद्याची चव घेत असतात. चेहऱ्यावर अदब, तोंडात स्तुतीचे शब्द, आणि प्याला पुढे करता करता, मद्य ओतता ओतता जीवघेणे वार आणि बचाव. सोबत बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही. आपल्याकडच्या लग्नातल्या मानपानाच्या बोलण्यांची ज्याला सवय आहे, त्याला हे दृश्य लगेच कळेल!

सॅमो हंगच्या 'द प्रॉडिगल सन'चा (१९८१) उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. एका धनिकाचा मुलगा स्वतःला गावातला सर्वश्रेष्ठ मल्ल समजतो. कारण तीनशेच्या वर लढतींत तो हरलेला नाही. त्याला ठाऊक नसते की बापाच्या सांगण्यावरून घरचा नोकर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला पैसे देऊन हरवत आला आहे. मग गावात नाटक मंडळी येते. तिच्यातला स्त्री-भूमिका करणारा नट याला बघता बघता लोळवतो. पैसे घेतलेले नसतात ना त्याने! ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिला, तिथल्या प्रेक्षकाला हा नट पाहताना वेगळेच काही जाणवावे. लाम चिंग-यिंगने तो असा रंगवला आहे की नायिकेचे नखरे आणि वस्तादाची जरब एकाच देहात नांदते, शिवाय दम्याने तो खोकतही असतो. पैशाने विकत घेतलेल्या विजयावर वाढलेला मुलगा, आणि त्याला पहिल्यांदा खरोखर मारणारा माणूसच त्याचा खरा गुरू. लाडावलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हा चित्रपट जरूर पाहावा. त्याच वर्षीच्या 'माय यंग आँटी'त नात्याने मोठी पण वयाने लहान असलेली चुलती सगळ्या पुरुषांना सरळ करते. त्या भूमिकेसाठी कारा हुई हिला पहिल्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला. लाथ मारणाऱ्या बाईला अभिनयाचे पारितोषिक देणारे परीक्षक निदान अंगविक्षेपांची भाषा जाणणारे होते.

हे सगळे डोळ्यांना इतके भावते, त्यामागे कॅमेऱ्याचेही कारण आहे. तो मागे सरून उभा असतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. एकाच सलग तुकड्यात सहा-सात, कधी दहा-बारा हालचाली होतात, मग तुकडा बदलतो. कुस्तीच्या मैदानात कडेला बसून डाव पाहावा, तसे. आजच्या मारधाडीत मूठ एका तुकड्यात, जबडा दुसऱ्यात, फुटणारी काच तिसऱ्यात. कोणी कोणाला मारले हे आवाजावरून ओळखायचे. याचा अर्थ जुने लोक अगदी सोवळे होते, असे मुळीच नाही. कॅमेरा थोडा सावकाश चालवून पडद्यावर वेग वाढवण्याची युक्ती सगळेच करत. ठोशांचे आवाजही नंतर भरलेलेच. पण वेग वाढवायला आधी शरीर तरी खरे लागते.

आणि त्या खऱ्या शरीराची किंमत काय, इथे आपले हसू थोडे अडखळते.

१९८५ च्या 'पोलिस स्टोरी'त जॅकी चॅन अनेक मजली दुकानाच्या मधोमध असलेल्या खांबावरून, त्याला गुंडाळलेल्या पेटत्या दिव्यांच्या माळा फोडत, खाली घसरतो. हाताची सालपटे निघाली, पाठीच्या मणक्याला आणि कमरेच्या हाडाला इजा झाली. त्या चित्रपटात इतक्या काचा फुटल्या की सहकाऱ्यांनी त्याचे नावच 'ग्लास स्टोरी' ठेवले. १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात 'आर्मर ऑफ गॉड'च्या चित्रणात भिंतीवरून झाडावर मारायची एक किरकोळ उडी होती. फांदी तुटली, तो दगडावर पडला, कवटी फुटली. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, एका कानाची श्रवणशक्ती कायमची कमी झाली. चित्रपटाच्या शेवटी, श्रेयनामावलीबरोबर, फसलेल्या चित्रणांचे तुकडे दाखवायची त्याची पद्धत होती. तिची कल्पना त्याला १९८१ च्या 'द कॅननबॉल रन' या अमेरिकन चित्रपटावरून सुचली. तिकडे नट संवाद विसरून हसतात, इकडे नट स्ट्रेचरवर जातो. 'आर्मर ऑफ गॉड'च्या शेवटी ते पडणेही आहे. आपण पॉपकॉर्न संपवत ते पाहतो.

पण प्रौढ माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले हे धोके. त्याच्या मागचा हिशेब याहून जुना आणि कडू आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन ब्याव, युएन वाह, कोरी युएन ही सगळी एकाच शाळेतली मुले. हाँगकाँगमधली चायना ड्रामा अकॅडमी, गुरू यू जिम-युएन. जॅकी सात वर्षांचा असताना आईवडिलांनी दहा वर्षांच्या करारावर त्याला तिथे ठेवले. वडील ऑस्ट्रेलियात वकिलातीत स्वयंपाकी म्हणून गेले, पुढे आईही गेली. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोलांट्या, पायांचे ताण, तासन्‌तास डोके खाली पाय वर. चुकले तर वेत. एकाचे चुकले तरी कधी सगळ्यांना वेत. शिक्षा करताना मूल दगावले तरी गुरूला दोष नाही, असे करारात होते, असे जॅकी चॅनने १९९८ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. अक्षरओळख जेमतेम. नाटकांचा धंदा बसत चालला तेव्हा हीच मुले चित्रपटांत उड्या मारायला भाड्याने जाऊ लागली, आणि त्यांच्या कमाईचा मोठा वाटा गुरूकडे जाई.

म्हणजे 'ड्रंकन मास्टर'मध्ये उलटे टांगलेल्या पोराला पाहून आपण हसतो, तेव्हा आपण बऱ्याच अंशी एका खऱ्या बालपणाला हसत असतो. ते हसू करून दाखवणारा तोच मुलगा आहे, एवढाच काय तो दिलासा. हे समर्थनीय होते का? माझ्या मते नव्हते. त्यातून निर्माण झालेली कला अजोड आहे, म्हणून ती वेताची छडी पवित्र होत नाही. सर्कशीतल्या मुलांबद्दल, नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांत वाढलेल्या मुलांबद्दल आपण आज असेच म्हणतो. (दहावी-बारावीच्या मुलांना पहाटे चारला उठवून परगावच्या शिकवण्यांच्या वसतिगृहात टाकणारे आपण मात्र त्या चिनी आईवडिलांकडे फार तोऱ्याने पाहू नये.) ती छडी गेली हे चांगलेच झाले. त्याबरोबर तशी शरीरे घडणेही थांबले, आणि हा चित्रपटप्रकार त्या अर्थाने संपला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरीचे समाधान होत नाही. आता तारा आहेत, संगणक आहे. 'कुंगफू पांडा'त (२००८) लठ्ठ पांडा आणि त्याचा गुरू एका मोमोसाठी काड्यांनी लढतात, तो प्रसंग पाहून आपली नातवंडे लोळून हसतात. जॅकी चॅनने १९७९ च्या 'फियरलेस हायना'त जेवणाच्या घासासाठी गुरूशी अशीच काड्यांची झुंज दिली होती. पांडाला काही लागत नाही. ते बरेही आहे.

स्वतः त्या मुलांनी गुरूचे काय केले, हे अधिक बुचकळ्यात टाकणारे आहे. १९८८ मध्ये 'पेन्टेड फेसेस' हा चित्रपट त्याच शाळेवर निघाला. शाळा, छड्या, रिकाम्या होत जाणाऱ्या नाट्यगृहातले रंगलेले चिमुकले चेहरे, आणि काळ आपल्याला मागे टाकून गेला हे उमगलेला एक कठोर, एकटा मास्तर. ही मास्तरची भूमिका केली सॅमो हंगने. ज्या हातून लहानपणी मार खाल्ला, त्या हाताची हालचाल त्याने स्वतःच्या हातात आणली, आणि त्यासाठी त्याला हाँगकाँगचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चित्रपटात मास्तरला धुऊन काढलेले नाही, आणि त्याच्यावर सूडही उगवलेला नाही. पाहणाऱ्याला मात्र छडी मारणाऱ्याचीच कणव येऊ लागते, आणि मग स्वतःचाच राग येतो.

२००४ मध्ये स्टीफन चौने 'कुंगफू हसल' काढला. दाटीवाटीच्या एका चाळीची गोष्ट. तिची मालकीण डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या लावून, तोंडात सिगरेट धरून भाडेकरूंवर किंचाळते, आणि तिच्या आवाजानेच गुंड उडून जातात. पन्नाशी उलटलेली ही नटी युएन च्यू, आणि तिच्याकडून सतत बोलणी खाणारा नवरा युएन वाह. हा युएन वाह तरुणपणी ब्रूस लीच्या कोलांट्या त्याच्या जागी मारत असे. दोघेही त्याच शाळेतले. संगणकाची करामत या चित्रपटात भरपूर आहे, तरी मालकीणबाई जिन्यात नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, तेव्हा पडद्यावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा त्या वेगळ्या उभ्या आहेत हे दिसते.

या युएन नावाचाही घोळ होतो. 'ड्रंकन मास्टर'चे युएन वू-पिंग आणि त्यांचे वडील यांचे ते आडनाव, ते वेगळे; चिनी लिपीत अक्षरही वेगळे. शाळेतल्या मुलांचे युएन मात्र आईबापांकडून आलेले नाही. यू जिम-युएन या गुरूच्या नावातला शेवटचा शब्द मुलांनी रंगमंचासाठी आपल्या नावापुढे लावायचा, अशी तिथली रीत होती. सॅमो होता युएन लुंग, जॅकी होता युएन लो. या दोघांनी पुढे ते नाव टाकले. ब्याव, वाह, च्यू आणि कोरी यांनी ते कधीच काढले नाही. हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांची श्रेयनामावली सरकू लागली की ते युएन एकाखाली एक येत राहतात. कोणी कोणाचा भाऊ नाही, बहीण नाही, आणि आडनाव सगळ्यांचे मास्तरचे.